पुढाऱ्यांनो, आधी आपली समजूत तपासा!

जुना जाणता तांडेलसुद्धा अनोळखी खाडीत होडी घालताना शिशाची दोरी सोडून पाणी मोजतो. ‘मला ठाऊक आहे’ एवढ्यावर तो बरोबरच्या माणसांचे जीव टांगत नाही. मग गावाचे, सोसायटीचे पुढारी म्हणवणारे आपण आपल्या मनातल्या समजुतींचा ठाव कधी घेतो का?

तो न घेतल्याने काय होते, ते आदिलाबादेत घडले आहे. निजामाच्या राजवटीत तिथली जंगले राखीव झाली. गोंड हे नांगर धरणारे शेतकरी. पण कित्येकांच्या हाती जमिनीचा कागद नव्हता. साहेबांची समजूत पक्की : कागद नाही म्हणजे हक्क नाही! ज्यांच्या शेतातून हद्द गेली, त्यांचे ऐकतो कोण? कुमराम भीम यांनी जमिनीचा हक्क मागितला, उठाव केला. १९४० साली जोडेघाटला पोलिसांच्या गोळ्यांनी ते सोबत्यांसह पडले.

माणसे मेल्यावर सरकारला प्रश्न सुचला : हे का झाले? मग हायमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ तिथे गेले, मारलावाईत गोंडांमध्ये राहिले. सेतुमाधवराव पगडी, पुढे इतिहासकार म्हणून नावाजलेले आपले मराठी गृहस्थ, तेव्हा निजामाच्या नोकरीत होते. हुकूम सोडून ते मोकळे झाले नाहीत. गोंडी शिकले, तिचे व्याकरण लिहिले. हजारो गोंडांना जमिनीचे पट्टे मिळाले. मारलावाईत गोंड शिक्षक तयार होऊ लागले. गोंडी पुस्तके देवनागरीत निघाली. जमीन तीच, माणसे तीच. बदलली ती अधिकाऱ्यांची समजूत. पण ती भीम यांच्या हयातीत बदलली असती तर?

आता आपल्याकडे पाहा. कर्ज थकले तो आळशी, असे आपण म्हणतो. त्याच्या शेतात खारे पाणी शिरले का, हे बांधावर जाऊन पाहिले? बायका सभेला येत नाहीत, त्यांना त्यातले काय कळते, असेही म्हणतो. अहो, त्या मासळीची पाटी घेऊन बाजारात असतात, नेमकी तेव्हाच आपण सभा लावतो!

‘मी लोकांच्या भल्यासाठीच करतो’ ही समजूत सर्वांत फसवी. भले कशात आहे, हे त्या लोकांना विचारले का? ठराव मांडण्यापूर्वी ज्याला त्याचा फटका बसणार, त्याच्या ओसरीवर जाऊन बसा. आपले चुकले असेल तर चारचौघांत सांगा. त्याने पुढाऱ्याची पत जात नाही.

दोरी सोडून पाणी मोजण्यात तांडेलाला लाज नाही. लाज आहे ती होडी खडकावर घालण्यात.