एक उमेदवार, दोन रकाने आणि मतयंत्राचा निवाडा

नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या महापौरपदाची निवडणूक झाली. मतपत्रिकेवर विजयी उमेदवार झोहरान ममदानी यांचे नाव दोनदा छापलेले होते: एकदा डेमोक्रॅटिक पक्षाच्या रकान्यात, एकदा वर्किंग फॅमिलीज पक्षाच्या. रिपब्लिकन उमेदवार कर्टिस स्लिवा यांचे नावही दोन ठिकाणी होते. हा घोटाळा असल्याची ओरड झाली. वस्तुतः त्या राज्यात ही पद्धत जुनी व कायदेशीर आहे. एकाच उमेदवाराला अनेक पक्ष आपला म्हणून उभे करू शकतात. प्रत्येक रकान्यातील मते वेगळी मोजून शेवटी त्याच्या नावे बेरीज केली जाते.

आपल्याकडे आघाडीचा उमेदवार एकाच चिन्हावर लढतो. मित्रपक्षाने किती मते मिळवून दिली, यावर निकालानंतर नुसता वाद रंगतो. न्यूयॉर्कमध्ये तो आकडा छापून येतो.

हा आकडा किती बोलका असतो पाहा. अमेरिकेचे पहिले कॅथलिक राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी १९६० मध्ये न्यूयॉर्क राज्यात सुमारे ३ लाख ८४ हजार मतांनी जिंकले. परंतु डेमोक्रॅटिक रकान्यातील त्यांची मते निक्सन यांच्या मतांहून कमीच होती. लिबरल पक्षाच्या रकान्यातील चार लाखांहून अधिक मतांनी पारडे फिरवले. पुढे गर्भपाताला विरोध करणाऱ्यांनी ‘राइट टू लाइफ’ हा पक्ष काढला. १९७८ मध्ये राज्यपालपदाच्या निवडणुकीत ५० हजारांहून अधिक मते मिळवून त्याने मतपत्रिकेवर स्वतःचा रकाना मिळवला. २००२ मध्ये तेवढी मते पडली नाहीत आणि रकाना गेला.

म्हणजे लहान पक्षाचे अस्तित्वच आपल्या रकान्यातील मतांवर अवलंबून असते. खरी अडचण येथे सुरू होते. जुन्या खटक्यांच्या यंत्रात एका पदासाठी एक खटका ओढला की दुसरा अडकून बसे. २०१० मध्ये न्यूयॉर्क शहरात कागदी मतपत्रिका वाचणारी यंत्रे आली. आता मतदार पेनाने लंबगोल भरतो आणि एकाच उमेदवारापुढील दोन्ही लंबगोल भरू शकतो. सामान्य आज्ञावलीच्या दृष्टीने एका पदाला दोन खुणा म्हणजे बाद मत. म्हणून हे दोन लंबगोल एकाच माणसाचे आहेत, हे यंत्राला आधी सांगून ठेवावे लागते. मत बाद करावयाचे नाही, दोनदाही मोजावयाचे नाही.

उमेदवाराला मत मिळाले. पण पक्षाचे काय? तेथील कायदा सांगतो, ते मत पत्रिकेवर आधी येणाऱ्या पक्षाचे. पक्षांचा क्रम राज्यपालपदाच्या मागील निवडणुकीतील मतांवरून ठरतो. साहजिकच मोठा पक्ष वर, लहान खाली. मतदाराने दोघांना कौल दिला, यंत्राने एकालाच जमा केला. दोन भिन्न उमेदवारांपुढे खुणा झाल्या तर यंत्र सावध करते, या दुहेरी खुणेवर मात्र मौन बाळगते, अशी तक्रार घेऊन कन्झर्व्हेटिव्ह आणि वर्किंग फॅमिलीज हे एरवी परस्परविरोधी पक्ष २०१० मध्ये एकत्र न्यायालयात गेले.

दोष यंत्राचा नव्हे, त्यात भरलेल्या नियमाचा आहे, असे आम्हांस वाटते. कोणताच पक्ष आपल्या श्रद्धेशी पूर्णपणे जुळत नाही, ही अनेक कॅथलिकांची भावना अमेरिकन बिशपांनी २००७ च्या आपल्या निवेदनात नोंदवली होती. अशा मतदाराला उमेदवार कोण, याबरोबरच तो कोणत्या कारणासाठी, हेही सांगावयाचे असते. दुहेरी खूण दिसताच पत्रिका परत देऊन ‘कोणत्या पक्षाच्या नावे?’ असे विचारणे यंत्राला शिकवता येईल. रांग थोडी लांबेल, एवढेच.

२०२० मध्ये रकाना टिकवण्याची अट वाढून १ लाख ३० हजार मते किंवा एकूण मतांच्या २ टक्के, यांपैकी जी संख्या अधिक ती, अशी झाली. आणि परीक्षा चारऐवजी दर दोन वर्षांनी. २०२२ च्या निवडणुकीनंतर लहान पक्षांपैकी तेच दोन तक्रारदार पक्ष मतपत्रिकेवर उरले.