शेवाळाचा अंमल
गेल्या रविवारी भाच्याच्या आग्रहास्तव कोनामीचा 1989 सालचा ‘टीनएज म्यूटंट निन्जा टर्टल्स’ हा खेळ खेळावयास बसलो आणि, धरणाच्या पाण्यातील 8 बॉम्ब 2 मिनिटे 20 सेकंदांच्या मुदतीत निकामी करण्याचे फर्मान शिरावर असताना, अरुंद बोळातील त्या गुलाबी, विद्युत्‌भारित शेवाळाने, स्पर्शासरशी प्राण शोषून, माझ्या कासवाची पुरती दैना केली. जन्मजात जलचराने पाण्यातल्या गवतापुढे हात टेकावेत, याचा भाच्याला कोण आनंद! वाचकहो, ते शेवाळ ना पाठलाग करते, ना शस्त्र उगारते; कचेरीतील मुरलेल्या कारकुनाप्रमाणे जागचे न हलता, घाईने जवळून जाणाऱ्याचा परस्पर निकाल लावते. चालून येणाऱ्या शत्रूशी दोन हात तरी करता येतात. ठाण मांडून बसलेला शत्रूच खरा अजिंक्य.