कालवाची धार आणि टाक्यांची घाई

मालवण, तारकर्लीच्या खडपांना चिकटलेली कालवं भरतीच्या पाण्यात दिसत नाहीत; पाय घसरला की कळतात. कालवाच्या शिंपल्याची कड पात्यासारखी असते. कातडी सरळ चिरली जाते आणि आत शिंपल्याची कपची, शेवाळ, वाळू राहून जाते. सर्फबोर्डच्या पात्याचा काप याहून लांब नि खोल असतो, तर जेट स्कीवर आपटल्यावर कातडी फाटून कडा चेचल्या जातात. तिन्हींत आधी रक्त थांबवायचं आणि मग जखम धुवायची. ती बंद करायची की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.

रक्त थांबवायला स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून किमान दहा मिनिटं धरावं, तेही घड्याळ लावून. दर मिनिटाला कापड उचलून पाहिलं की जमू लागलेली गुठळी निघते. रक्त उसळ्या मारत असेल तर दाब न सोडता थेट दवाखाना गाठावा.

धुण्याला पर्याय नाही. खारं पाणी जखमेला चांगलं, हा किनाऱ्यावरचा समज चुकीचा आहे. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे जलक्रीडाही चालतात आणि पाणीही मचूळ असतं. अशा कोमट, मचूळ पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जंतू पोसतात. पिण्याचं पाणी मात्र सलाइनइतकंच चालतं. सीलबंद बाटलीच्या झाकणाला भोक पाडून बाटली दाबली की जोराची धार मिळते. ती पाच ते दहा मिनिटं जखमेत सोडावी. हळद, चहापूड, तंबाखू काही भरू नये. डॉक्टरांना ते सगळं आधी खरवडून काढावं लागतं, आणि ते दुखतं.

काप उथळ असेल आणि कडा आपोआप जुळत असतील तर चिकटपट्ट्या पुरतात. त्या जखमेला आडव्या, मधून सुरुवात करून, थोडी फट ठेवून लावायच्या. पाण्यात भिजलेल्या कातडीवर पट्टी धरत नाही, म्हणून आजूबाजूची कातडी आधी पूर्ण कोरडी करावी. डॉक्टरांकडचा वैद्यकीय गोंद छोट्या, स्वच्छ, ताण नसलेल्या कापाला ठीक. गुडघ्यावर किंवा तळपायाला तो टिकत नाही. स्टेशनरीच्या दुकानातला झटपट गोंद त्याच कुळातला असला तरी कातडीला पोळतो.

जखम आ वासून असेल, पिवळी चरबी दिसत असेल किंवा काप सांध्यावर असेल तर टाक्यांचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावा. त्याआधी बोट वाकतं का, पुढे बधिरपणा आहे का हे पाहिलं जातं. अडकलेली कपची बहुधा एक्स-रेत दिसते. चेहऱ्याचा रक्तपुरवठा चांगला असल्याने तिथला काप स्वच्छ करून लगेच शिवतात. पायाचा मळलेला काप मात्र बऱ्याचदा उघडाच ठेवून रोज ड्रेसिंग करतात आणि चौथ्या-पाचव्या दिवशी शिवतात. पेशंटला हा हलगर्जीपणा वाटतो, पण घाण आत कोंडून वरून शिवलेली जखम पिकते. चेहऱ्याचे टाके साधारण पाच दिवसांनी निघतात, पायाचे दहा ते चौदा दिवसांनी. तोवर पुन्हा पाण्यात उतरायचं नाही. धनुर्वाताच्या शेवटच्या डोसला पाच वर्षं उलटली असतील तर अशा जखमेसाठी तो पुन्हा घ्यावा लागतो.

पहिल्या दिवस-दोन दिवसांत लाली भराभर पसरली, जखमेच्या मानाने वेदना फारच वाढल्या, ताप आला किंवा जांभळट फोड उठले तर सकाळची वाट पाहू नये. यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेल्यांना व्हिब्रिओचा हा संसर्ग काही तासांत जिवावर बेततो. काप समुद्रात झाला हे डॉक्टरांना स्वतःहून सांगावं, कारण त्यावरून अँटिबायोटिक बदलतं. काही आठवड्यांनी, जखम भरल्यावर, त्याच जागी न दुखणारी गाठ आली तरी ते सांगावं लागतं: पाण्यातला क्षयाच्या कुळातला एक जंतू इतक्या सावकाश वर येतो.