गृहमंत्रालयाला खुले पत्र: काडतुसाचा दाब कधी मोजणार?

प्रति,
मा. गृहसचिव, भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

सैन्याचे ९ मिमी काडतूस ज्यात बसते आणि उडते, असे प्रत्येक पिस्तूल शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीने प्रतिबंधित बोअरमध्ये टाकले आहे. .३५७ मॅग्नमचे रिव्हॉल्व्हर मात्र त्याच अनुसूचीनुसार साध्या परवान्यावर चालते. अमेरिकेच्या ‘सॅमी’ मानकात दोन्ही काडतुसांची कमाल दाबमर्यादा एकच आहे, ३५,००० पीएसआय. ९ मिमीच्या गोळीची ऊर्जा साधारण ५०० जूल असते आणि .३५७ची ७००च्या वर जाते. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिले विनापरवाना सापडले तर सात ते चौदा वर्षे, दुसरे सापडले तर दोन ते पाच. जास्त ताकदीच्या शस्त्राला कमी शिक्षा कोणत्या हिशेबाने ठरली, हे मला आजवर कोणी सांगितलेले नाही. परवान्यांशी संबंधित एका कार्यालयात मी हे लेखी दिले. पोच मिळाली, उत्तर आले नाही. दुसऱ्या अर्जाची तर पोचही नाही.

सरकारी कोठारातली काडतुसे बाहेर जाऊ नयेत, म्हणून ही बंदी आली हे मला कळते, आणि ते कारण रास्तच आहे. पण सैन्य काय वापरते, एवढेच पाहून तुम्ही थांबलात. काडतूस घरात, जिन्यात, शेजाऱ्याच्या भिंतीवर काय करते, हा प्रश्न अनुसूचीत कुठेच नाही.

आमच्याकडचे सर्वसाधारण काडतूस म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. जन्म १८९६चा, दाबमर्यादा १५,००० पीएसआय, ऊर्जा दीडशे जूलच्या आसपास. ते कमी पडते अशी तक्रार प्रत्येक परवानाधारक करतो आणि ‘जरा जोरदार माल’ मागतो. मी त्याच्याशी सहमत नाही. इंदिरानगरात मी राहतो त्या गल्लीत दोन इमारतींमध्ये हात घालायला जागा नाही, पीजीच्या खोल्यांना प्लायवुडचे आडोसे आहेत. इथे .३५७ची चुकलेली गोळी पलीकडच्या खोलीत झोपलेल्या पोराला लागेल. मला तरी इथे कमी दाबाचे काडतूस आणि सरावाचा हात हवा.

जास्त दाबाची किंमत जगाने मोजून पाहिली आहे. ९ मिमीच्या ‘प्लस पी’ काडतुसाची मर्यादा ३८,५०० पीएसआय, म्हणजे दाब दहा टक्के जास्त. वेग त्या प्रमाणात वाढत नाही. धक्का, आवाज आणि नळीतोंडचा जाळ मात्र वाढतो. एप्रिल १९८६ मध्ये मायामीच्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले. त्यानंतर एफबीआयने १० मिमी उचलले, ते हातात आवरेना म्हणून सौम्य भरणीचे करून घेतले, मग .४०कडे वळले आणि अखेर पुन्हा ९ मिमीवर आले. आपल्याकडे २०१४ साली कानपूरच्या कारखान्याने महिलांसाठी ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर आणले: वजन सुमारे ५०० ग्रॅम, बोअर .३२, तेव्हाची किंमत १,२२,३६० रुपये. एवढ्या हलक्या शस्त्रात साध्या भरणीचाही धक्का मनगटाला जाणवतो. त्यात जास्त दाबाची भरणी आली असती, तर पहिल्या गोळीनंतर दुसरी नेमकी मारणे नवशिक्याला जमले नसते.

जुन्या शस्त्रांची काळजी मला जास्त वाटते. आजोबांचे रिव्हॉल्व्हर नातवाच्या परवान्यावर चढते, अशी घरे पुष्कळ आहेत. .३२ एच अँड आर मॅग्नमची दाबमर्यादा .३२ लाँगपेक्षा बरीच जास्त, पण तिची पुंगळी लांब असल्याने ती जुन्या .३२ लाँगच्या चेंबरमध्ये पूर्ण बसतच नाही. लांबीच तिथे माणसाला वाचवते. ‘प्लस पी’ला हे संरक्षण नाही. .३८ स्पेशलची मर्यादा १७,०००, तिच्या प्लस पीची २०,०००, आणि दोन्हींची लांबी एकच. फरक कळतो तो फक्त खोक्यावरच्या छपाईवरून आणि पुंगळीच्या बुडावरच्या शिक्क्यावरून. इथे एका दुकानात मला काडतुसे सुटी, कागदाच्या पुडीत बांधून मिळाली. दाब किती, भरणी कुठली, विचारले तर दुकानदार परवान्यावरचा कोटा दाखवू लागला.

तुमच्या २०१६च्या नियमांनी परवान्याआधी सुरक्षा-प्रशिक्षण घालून दिले, हे चांगले केलेत. पण १५,००० पीएसआयवाला आणि ३५,०००वाला यांना एकच प्रमाणपत्र का? आणि माझ्या परवान्यावर वर्षाला मोजून पन्नास काडतुसे लिहिली असतील, तर प्रशिक्षणात शिकलेला हात टिकवायचा कशाने? सरावाविना पिस्तूल बाळगणारा माणूस शेजाऱ्यांना चोरापेक्षा जास्त धोकादायक आहे. तो तुमच्याच सहीने तयार होतो आहे.

अनुसूची पुन्हा लिहा. साध्या परवान्यातल्या शस्त्रांचे काडतुसाच्या दाबानुसार आणि ऊर्जेनुसार दोन वर्ग करा, वरच्या वर्गाला वेगळे प्रशिक्षण सक्तीचे करा. प्रत्येक विक्रीत, सुट्या विक्रीतही, कमाल दाब, गोळीचे वजन आणि वेग छापलेला कागद ग्राहकाच्या हातात पडलाच पाहिजे. मान्यताप्राप्त रेंजवर उडवलेली काडतुसे वार्षिक कोट्यातून वगळा. यातल्या एकाही गोष्टीने देशात एकही शस्त्र वाढत नाही. मला कारणांसह लेखी उत्तर हवे आहे, आणि ते नकाराचे असेल तर त्याखाली जबाबदार अधिकाऱ्याचे नाव हवे आहे.

आपला,
एक परवानाधारक
इंदिरानगर, बंगळूर