पत्र आणि पत

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर गुलालाने माखलेल्या गर्दीतून सासनकाठ्या निघतात, तेव्हा कोणती काठी कोणत्या गावची, हे कोणाला विचारावे लागत नाही. सातारा जिल्ह्यातील निनाम पाडळीची काठी पहिल्या मानाची, पाटण तालुक्यातील विहे गावची तिच्या मागची, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे. काठी पेलणारे हात बदलतात; मान गावाचा राहतो. या डोंगराखाली पसरलेल्या साखर कारखान्यांच्या, दूध संस्थांच्या, पतसंस्थांच्या आणि फाउंड्र्यांच्या मुलखाला हा साधा दंडक आपल्या पत्रव्यवहारात मात्र अजून पुरता पाळता आलेला नाही. संस्थेचे नाव पाटीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेले असते. पण तिचा ई-मेलचा पत्ता अनेकदा एखाद्या मोफत सेवेवरचा, आणि तोही कोणा कारकुनाने स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर उघडलेला असतो. तो कारकून नोकरी सोडून गेला की संस्थेची दहा वर्षांची पत्रे त्याच्याबरोबर जातात.

ही बाब क्षुल्लक नाही, हे २०२५ च्या जुलैत एका फार मोठ्या कंपनीच्या अनुभवाने दाखवून दिले. मुंबईत मुख्य कार्यालय आणि गुजरातेत वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना असलेल्या नायरा एनर्जीवर युरोपीय संघाने १८ जुलै रोजी निर्बंध घातले, कारण तिच्यात रशियाच्या रोसनेफ्ट कंपनीचा मोठा हिस्सा आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत मायक्रोसॉफ्टने तिच्या ई-मेलसह अनेक सेवा बंद केल्या. भारताने असा कोणताही निर्बंध घातलेला नव्हता आणि सेवेचे पैसे भरलेले होते, असे कंपनीचे म्हणणे होते. तिला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. महिनाअखेरीस सेवा पूर्ववत झाल्या. दरम्यान पत्रव्यवहारासाठी तिला मुंबईच्या रेडिफचा आसरा घ्यावा लागला. ज्या कंपनीजवळ वकिलांची फौज आहे तिची ही गत, तर शिरोलीच्या वसाहतीतील चाळीस कामगारांच्या कारखान्याने दाद कोठे मागावी?

मग प्रत्येकाने आपले टपालघर आपणच का चालवू नये? हा प्रश्न स्वाभाविक आहे. व्यवसायाच्या हिशेबाचे सॉफ्टवेअर आपल्याच यंत्रावर चालवणे आता अवघड राहिलेले नाही. मुंबईत जन्मलेले ‘ईआरपीनेक्स्ट’ हे सॉफ्टवेअर मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. खरेदी, विक्री, साठा हे सारे त्यात ठेवता येते. असे सॉफ्टवेअर स्वतः पत्रेही पाठवते: बिल निघाले की ग्राहकाला, थकबाकी राहिली की स्मरणपत्र, तक्रार आली की पोच. तेव्हा त्याच्या शेजारीच मेल सर्व्हर उभा केला की काम झाले, असे वाटते. पोस्टफिक्स आणि डव्हकॉट ही त्यासाठी लागणारी साधनेही विनामूल्य मिळतात.

परंतु अडचण येते ती यंत्र उभे करण्यात नव्हे, तर पत्र पोहोचण्यात. इंटरनेटवरील टपालाचा मूळ नियम १९८२ सालचा आहे, आणि तो एकमेकांवर विश्वास असलेल्या थोड्या लोकांसाठी केलेला होता. पाठवणाऱ्याने स्वतःचे जे नाव सांगितले ते खरे मानायचे, अशी त्याची भाबडी रीत होती. भामट्यांनी तिचा फायदा उठवल्यावर ओळखपत्रांची व्यवस्था करावी लागली. या नावाने पत्र पाठवण्याचा अधिकार कोणत्या यंत्रांना आहे याची जाहीर यादी, प्रत्येक पत्रावर उमटणारी सांकेतिक मोहोर, आणि दोन्ही न जुळल्यास पत्राचे काय करावे याची सूचना, अशी ही तिहेरी तपासणी आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे पाठवणाऱ्यांना ती सक्तीची केली. हे सारे केले तरी नव्या सर्व्हरला पत नसते. त्याच्या वाट्याला आलेल्या क्रमांकावरून पूर्वी कोणी कचरा पाठवला असेल, तर त्याचे पापही नव्या मालकाच्या माथी येते. पत्र परत येत नाही, नाकारलेही जात नाही. ते ग्राहकाच्या ‘स्पॅम’च्या कप्प्यात निमूट पडून राहते, आणि पाठवणारा उत्तराची वाट पाहत बसतो.

शिवाय टपाल आणि खतावणी एकाच यंत्रावर ठेवणे हे उंबरठ्यावर तिजोरी मांडण्यासारखे आहे. मेल सर्व्हरचे दार साऱ्या जगाला उघडे ठेवावे लागते. हिशेबाच्या यंत्राला तशी गरज नसते. एकावरचा हल्ला दुसऱ्याला बुडवतो. सॉफ्टवेअरने एकाच सकाळी हजारो स्मरणपत्रे सोडली आणि ती कचऱ्यात गणली गेली, तर अध्यक्षांचे बँकेला गेलेले महत्त्वाचे पत्रही त्याच कचऱ्यात जाते. म्हणून दोन्ही यंत्रे वेगळी असावीत आणि सॉफ्टवेअरच्या पत्रांसाठी त्याच नावाचा वेगळा उपपत्ता असावा, हे जाणकारांचे सांगणे योग्यच आहे.

यंत्र आपले असले की सांभाळही आपला, याची जाणीव याच पन्हाळा तालुक्याला असावयास हवी. वारणानगरच्या परिसरातील सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प १९९८ मध्ये सुरू झाला, तेव्हा त्याचे देशभर कौतुक झाले. पुढे त्या संगणकांचा उपयोग मुख्यतः उसाच्या नोंदींपुरता उरला आणि देखभालीचा भार जड झाला. २००७ च्या सुमारास काही गावांत तेच काम मोबाइलवरील संदेशांनी करून पाहण्यात आले. खरेदीच्या दिवशी हारतुरे असतात. दुरुस्तीच्या दिवशी कोणी नसते. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या कार्यालयांचे काय झाले, हे कोल्हापूरकरांना सांगावयास नको. ज्या टपालाची दुसरी प्रत दुसऱ्या गावी नाही, ते टपाल स्वतःचे असून नसल्यासारखेच.

तेव्हा आग्रह कशाचा धरावा? पहिला आणि न सोडण्याचा आग्रह नावाचा. संस्थेच्या नावाचा डोमेन संस्थेच्याच नावे नोंदलेला असावा, त्याच्या किल्ल्या दोन पदाधिकाऱ्यांकडे असाव्यात आणि त्याचे वार्षिक शुल्क अंदाजपत्रकात दाखवलेले असावे. केंद्र सरकारने अलीकडे सुमारे बारा लाख कर्मचाऱ्यांचे टपाल झोहो या देशी कंपनीच्या व्यवस्थेवर नेले, पण सरकारी पत्ते बदलले नाहीत. नाव आपले असले की पोस्टमन बदलता येतो. दुसरा आग्रह प्रतीचा: टपाल कोणाच्याही यंत्रावर असो, त्याची नित्याची प्रत आपल्या ताब्यात हवी. कंपन्यांनी इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांची प्रत भारतातील सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवावी, असा नियम २०२२ मध्ये झालाच आहे. पत्रांना तोच न्याय लावण्यास कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

आणि ज्यांना टपालघर स्वतःच चालवावयाचे आहे, त्यांनी ते एकट्याने चालवू नये. ज्या जिल्ह्याने ऊस, दूध आणि ठेवी एकत्र करून संस्था उभ्या केल्या, त्याला पाच-पन्नास संस्थांचे सामायिक टपालघर आणि ते सांभाळणारी दोन-तीन प्रशिक्षित माणसे पोसणे अशक्य नाही. त्यामुळे खर्च वाटला जाईल, एका कारकुनाच्या जाण्याने काम अडणार नाही, आणि दीर्घकाळ नीट चाललेल्या यंत्राला जी पत लाभते ती सर्वांच्या पत्रांना मिळेल. अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दर वर्षी बाहेर पडणाऱ्या तरुणांना जिल्ह्यातच करण्याजोगे काम मिळेल, हा लाभ वेगळाच.

जोतिबाची सासनकाठी एक जण पेलतो. पण ती कलू नये म्हणून तिचे दोर चोहीकडून इतरांनी ताणून धरलेले असतात. दोर सोडून केवळ पेलण्याची हौस धरणारा काठीसह कोसळतो. आणि काठीच दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळा होणाऱ्याला मिरवणुकीत मान मागता येत नाही. कोल्हापूरच्या संस्थांनी या दोन्ही चुका टाळावयास हव्यात.