आटलेल्या गाईचा खुराक आणि नातीचे दूध

'खाण तशी माती' ही म्हण आपल्याकडे सोयरिकीत आणि शेतीत सारख्याच विश्वासाने वापरली जाते. वळू निवडताना त्याच्या आईचे दूध विचारावे, बियाणे घेताना वाणाची शुद्धता पाहावी, ही शिकवण विस्तार खात्याने गावोगाव पोचविली आणि तिचे फळही शेतकऱ्यांच्या पदरात पडले. ती शिकवण चुकीची आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु ह्या म्हणीची एक सवय आपल्याला जडली आहे. संकरित कालवड पहिल्या वेतात अपेक्षेपेक्षा कमी दूध देऊ लागली की 'जातच खराब निघाली' असे म्हणून आपण मोकळे होतो. दोष वळूच्या माथी जातो, रेतन करणाऱ्याच्या माथी जातो, आणि कालवड बाजाराची वाट धरते. ती पोटात होती तेव्हा तिची आई कोणत्या महिन्यात, कसल्या गोठ्यात आणि काय खाऊन उभी होती, हा प्रश्न कोणीही विचारीत नाही. माझ्या मते हा प्रश्न वळूच्या वंशावळीइतक्याच तोलाचा आहे.

आनुवंशिकतेचे शास्त्र गेल्या काही दशकांत ज्या दिशेने पुढे गेले आहे, ती दिशा शेतकऱ्याला अपरिचित वाटू नये. जनुके म्हणजे पाटाचे जाळे समजावे. जाळे तेच असते. परंतु कोणते दार उघडे आणि कोणते बंद, ह्यावर कोणत्या वाफ्याला पाणी मिळेल हे ठरते. प्राण्याच्या व वनस्पतीच्या पेशीत जनुकांवर काही रासायनिक खुणा बसतात. त्यांपैकी चांगली अभ्यासलेली खूण म्हणजे एक कार्बन व तीन हायड्रोजन ह्यांचा बनलेला मेथिल गट. ही खूण बसली की बहुधा ते जनुक मुके होते, निघाली की बोलू लागते. जनुकाची अक्षरे बदलत नाहीत, फक्त त्याचे काम बदलते. इंग्लंडमधील वॅडिंग्टन ह्या शास्त्रज्ञाने १९४२ साली ह्या विषयाला 'एपिजेनेटिक्स' हे नाव दिले. त्या वेळी ह्या खुणांचा पत्ता लागलेला नव्हता.

मधमाश्या पाळणाऱ्यांना ह्याचे उदाहरण पेटीतच सापडेल. राणीमाशी आणि कामकरी माशी एकाच प्रकारच्या अंड्यांतून जन्मतात. अळीला शेवटपर्यंत रॉयल जेली मिळाली तर राणी होते, नाही तर कामकरी होते. एक कित्येक वर्षे जगते आणि अंडी घालते. दुसरी हंगामात काही आठवड्यांतच झिजून जाते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ साली अळ्यांमधील मेथिल खुणा बसविणारे एक जनुक दाबून टाकले, तेव्हा राजान्न न देताही बहुसंख्य अळ्या राणीच्या वळणावर गेल्या.

आता गाईकडे वळू. शेतकऱ्याच्या दावणीला सर्वांत उपेक्षित जनावर कोणते, असे विचारले तर माझे उत्तर 'आटलेली गाभण गाय' असे राहील. दूध देणाऱ्या गाईपुढे सरकीची पेंड आणि हिरवा चारा पडतो, कारण संध्याकाळी संस्थेच्या मापात त्याचा पैसा दिसतो. आटलेली गाय मापात काहीच घालीत नाही, म्हणून तिच्या वाट्याला उरलेला कडबा आणि गोठ्याची उन्हाची कड येते. हिशेब वरवर सरळ दिसतो. परंतु वासराच्या वजनाची निम्म्याहून अधिक वाढ ह्याच शेवटच्या दोन महिन्यांत होते, हे त्या हिशेबात धरलेले नसते.

अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात ह्यावर दीर्घकाळ प्रयोग झाले. गाभण होल्स्टीन गाई आटविल्यावर त्यांचे दोन गट केले. दोन्ही गटांना सावली होती. एका गटाला त्याखेरीज पंखे आणि पाण्याचे फवारे होते. विल्यानंतर सर्व वासरांचे संगोपन सारखेच झाले. तरीही उन्हाळ्याचा ताप सोसलेल्या गाईंची वासरे जन्मतः हलकी होती आणि त्या कालवडी मोठ्या होऊन व्याल्यावर त्यांचे दूध कमी भरले. दहा वर्षांच्या नोंदी एकत्र करून २०२० साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यात पहिल्या वेतातील तूट दिवसाला सुमारे २.२ किलो होती. तिसऱ्या वेतात ती वाढून ६.५ किलोपर्यंत गेली. इतकेच नव्हे तर त्या कालवडींच्या मुली, म्हणजे मूळ गाईच्या नाती, पहिल्या वेतात दिवसाला सुमारे १.३ किलोने मागे पडल्या. आजीने दीड महिना ऊन सोसले, त्याची वसुली नातीच्या चरवीत झाली. अशा जनावरांच्या कासेच्या आणि यकृताच्या पेशी तपासल्या असता मेथिल खुणांच्या मांडणीत फरक आढळले.

नातीपर्यंत हे कसे पोचते, ह्याचे एक साधे कारण आहे. कालवड आईच्या पोटात असतानाच तिच्या बीजकोशात पुढील पिढीची बीजे तयार होतात. म्हणजे गाभण गाय उन्हात उभी असते तेव्हा गाय, पोटातील कालवड आणि त्या कालवडीच्या पोटातील बीज अशा तीन पिढ्या एकाच वेळी उन्हात उभ्या असतात. म्हणूनच कसोशीने बोलणारे शास्त्रज्ञ नातीवरील परिणामाला अस्सल वारसा म्हणत नाहीत, कारण तिलाही प्रत्यक्ष झळ लागलेलीच होती. पणतीमध्ये तो दिसला तरच ते वारसा मानतील. शास्त्राच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. गोठ्याच्या मालकाला मात्र तीन पिढ्यांचे नुकसान काही थोडे नव्हे.

हे आकडे फ्लोरिडाच्या दमट हवेतील आणि होल्स्टीन जातीचे आहेत. ते खिल्लार, देवणी किंवा गवळाऊ गाईंना जसेच्या तसे लावू नयेत. आपल्या देशी जनावरांची ऊन सोसण्याची ताकद निराळी आहे. परंतु पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात आज ज्या संकरित गाई दावणीला आहेत, त्यांच्या अंगात होल्स्टीनचेच रक्त मोठ्या प्रमाणावर आहे आणि एप्रिल-मे महिन्यांतील पत्र्याचा गोठा ही त्यांच्या दृष्टीने सावली नसून भट्टी असते. पत्र्यावर उसाचे पाचट टाकणे, दुपारी अंगावर पाणी मारणे, ओली पोती लावून वारा खेळता ठेवणे ह्याला फार खर्च नाही. तो खर्च आपण दुभत्या गाईसाठी करतो. तो आटलेल्या गाईसाठीही व्हावा, एवढेच माझे मागणे आहे.

खुराकाचीही हीच कथा आहे. नेब्रास्का येथील माळरानावर हिवाळ्यात चरणाऱ्या गाईंपैकी काहींना गाभणपणाच्या अखेरच्या काळात प्रथिनयुक्त जोडखाद्य देण्यात आले. त्यांच्या कालवडींपैकी ९३ टक्के पुढे गाभण राहिल्या, तर जोडखाद्य न मिळालेल्या गाईंच्या कालवडींपैकी ८० टक्केच. हा निष्कर्ष २००७ सालचा आहे. कालवड गाभण राहत नाही म्हणून डॉक्टरांच्या खेपा घालणाऱ्या शेतकऱ्याने ह्या दोन आकड्यांकडे थोडे थांबून पाहावे. उपचाराचा पैसा दोन वर्षे आधी पेंडीत घातला असता तर कदाचित खेपा वाचल्या असत्या.

मेथिल खुणा काही हवेतून येत नाहीत. त्यांचा कच्चा माल अन्नातून येतो. फॉलिक आम्ल, ब-१२ जीवनसत्त्व, कोलीन आणि मेथिओनीन हे त्याचे मुख्य पुरवठादार होत. गाईच्या पहिल्या पोटातील सूक्ष्म जंतू ब-१२ तयार करतात, पण त्यासाठी त्यांना कोबाल्ट लागते. खनिज मिश्रणाची पिशवी गोठ्यात का असावी, ह्याचे हे एक कारण. आणि ती आटलेल्या गाईपासून दूर का ठेवली जाते, हे मला आजवर उमगलेले नाही.

माणसाच्या बाबतीत असा प्रयोग कोणी करणार नाही. पण युद्धाने तो केला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने पश्चिम हॉलंडचा अन्नपुरवठा तोडला. माणशी शिधा दिवसाला १,००० उष्मांकांच्याही खाली गेला आणि वीस हजारांवर माणसे मेली. मे १९४५ मध्ये मुक्तता झाली आणि अन्न पुन्हा मिळू लागले. ह्या दुष्काळाला ठळक आरंभ आणि अंत असल्याने कोणते मूल गर्भाच्या कोणत्या महिन्यात उपाशी राहिले हे सांगता येते. ज्यांना अखेरच्या महिन्यांत उपास घडला ती बालके हलकी जन्मली. ज्यांना पहिल्या महिन्यांत घडला त्यांचे जन्मवजन ठीक होते, पण मोठेपणी त्यांच्यात स्थूलता आणि हृदयविकार अधिक आढळला. २००८ साली, म्हणजे सुमारे साठ वर्षांनंतर, दुष्काळात गर्भधारणा झालेल्या व्यक्तींची त्यांच्याच भावंडांशी तुलना केली असता वाढीशी संबंधित एका जनुकावर मेथिल खुणा कमी आढळल्या.

हॉलंड दूर आहे. पुणे जिल्हा दूर नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील शेतकरी कुटुंबांचा अभ्यास करीत आले आहेत. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे ते ३.५ किलो होते. आपली बाळे हाडामांसाने बारीक, परंतु चरबी मात्र त्या मानाने राखून असलेली निघाली. पुढे मधुमेह होण्याचा धोका ह्या घडणीतच असावा, असे संशोधकांचे मत आहे. ज्या मातांनी गाभारपणात पालेभाज्या, फळे व दूध अधिक घेतले त्यांची बाळे मोठी होती. ज्यांना शेतातील व घरातील जड कामे अधिक पडली त्यांची बाळे लहान होती. ह्या ओळी शेतीच्या पत्रकात कशाला, असे कोणी म्हणेल. ज्या घरात दूध संस्थेकडे जाते आणि गरोदर सून खुरपणीला जाते, ते घर शेतकऱ्याचेच असते, म्हणून.

आता दुसरी बाजू. 'वातावरण पिढ्यान्‌पिढ्या उतरते' हे वाक्य फार मोहक आहे आणि त्याने एकदा एका मोठ्या देशाची शेती बुडविली आहे. हिवाळी गव्हाच्या भिजविलेल्या बियाण्याला थंडी दिली की तो वसंतात पेरूनही निसवतो, ही गोष्ट खरी. सोव्हिएत रशियातील लिसेंको ह्याने ह्यावरून असा दावा केला की, असा संस्कार वारशात कायम उतरतो आणि जनुके वगैरे थोतांड आहे. १९४८ च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोच्या अधिवेशनात त्याचे मत सरकारी मत ठरले. जगभरातून बियाण्यांचा संग्रह करणारे वाव्हिलोव त्यापूर्वीच, १९४३ साली, सारातोवच्या तुरुंगात वारले होते. मोहरीच्या कुळातील एका लहान रानटी रोपावर पुढे जे काम झाले, त्यातून खरी गोष्ट उलगडली. थंडीने फुलोरा अडविणाऱ्या एका जनुकावर खुणा बसतात आणि ते बंद होते. परंतु बी धरताना त्या खुणा पुसल्या जातात. पुढच्या पिढीला थंडी नव्याने सोसावी लागते. लिसेंकोचा दावा नेमका तेथे ढासळतो.

बहुतेक खुणा अशाच पुसल्या जातात, हा नियम आहे. अपवादही आहेत. जवसाचेच पाहा. वेल्समधील ड्युरंट ह्या संशोधकाने जवसाच्या एका वाणाला एका पिढीत निरनिराळी खते दिली. त्यातून निघालेली मोठी आणि लहान रोपे पुढे सारख्याच जमिनीत पेरली तरी कित्येक पिढ्या मोठी व लहानच राहिली. १९६२ साली हे प्रसिद्ध झाले. पण त्या रोपांत पुढे गुणसूत्रद्रव्याचे प्रमाणच बदललेले आढळले, आणि हा गुण जवसाच्या सगळ्या वाणांत नाही. एका वाणाच्या जोरावर सबंध शेतीचा नियम बांधता येत नाही.

म्हणून उद्या कोणी 'दुष्काळ सोसलेल्या रोपांचे, आठवण असलेले बियाणे' चढ्या भावाने विकू लागला, तर शेतकऱ्याने शेजारी साधे बियाणे पेरून तुलना केल्याखेरीज खिशात हात घालू नये. पाण्याविना पिचलेल्या रोपाचे बी पुष्कळदा नुसते पोचट असते. त्यात आठवण नसते, शिधाच कमी असतो.

उपाय म्हणून फार मोठी योजना मी सुचवीत नाही. रेतनाची नोंदवही बहुतेक दूध संस्थांत असते. तीत वळूचा क्रमांक, रेतनाची तारीख आणि विण्याची तारीख लिहिली जाते. त्याच ओळीत आणखी दोन रकाने वाढवावेत: गाय आटविल्याची तारीख, आणि त्या काळात तिला पेंड व खनिज मिश्रण मिळाले की नाही. तीन वर्षांनी त्याच गाईची कालवड पहिल्यांदा विईल, तेव्हा तिचे दूध त्या ओळीपुढे मांडावे. मे महिन्यात आटलेल्या गाईंच्या मुली आणि डिसेंबरात आटलेल्या गाईंच्या मुली वेगळ्या काढून पाहाव्यात. एका गावात शंभर संकरित गाई असल्या तरी फरक आहे की नाही हे दिसू लागेल. आणि फरक दिसला, तर रेतन कोणत्या महिन्यांत करावे हेही त्याच वहीतून ठरविता येईल.