माळवदावरची माती

लातूर-धाराशिव पट्ट्यात जमिनीतून गूढ आवाज आला की कळंबच्या पारावर कुणीतरी ज्वालामुखीचा विषय काढतोच. ही भीती निराधार आहे. पण आपण ज्वालामुखीच्याच अंगावर राहतो, हेही खरे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा आला आणि थरावर थर साचत गेला. किल्लारीला शास्त्रज्ञांनी जमिनीत खोल छिद्र घेतले तेव्हा या काळ्या पाषाणाची जाडी ३३८ मीटर भरली. आपली काळी जमीन याच दगडाची झालेली. तो लाव्हा केव्हाच निवाला. देशातला जागा ज्वालामुखी पार अंदमानात, बॅरन बेटावर आहे. आपला धोका जमिनीखालच्या आगीत नाही, त्या दगडाच्या आपण रचलेल्या भिंतीत आणि तिच्या डोक्यावरच्या मातीत आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी हे दिसले. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. भूकंप ६.२ तीव्रतेचा, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यम. तरी किल्लारीपासून सास्तूरपर्यंत सरकारी आकड्यानेच जवळपास आठ हजार माणसे गेली. भिंत दोन-अडीच फूट जाड, पण आतून पोकळ: दोन बाजूंना दगड, मधे चिखल आणि चिपा, आरपार जाणारा दगड एकही नाही. हादरा बसला की दोन्ही बाजू सुटतात, पोट फुटते. वर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर. गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात पांढऱ्या मातीचा नवा थर. पिढ्यान्‌पिढ्यांचे हे ओझे झोपलेल्यांवर आले. फिलिपिन्सच्या पिनाटुबो ज्वालामुखीचा १९९१ चा उद्रेक याहून किती तरी अक्राळविक्राळ. तिथे शास्त्रज्ञांच्या इशाऱ्यावरून हजारो लोक आधीच हलवले गेले. जे मेले त्यातले बरेचसे पावसाने भिजलेल्या राखेखाली छप्पर खचून मेले. उलट १९८५ साली कोलंबियात ज्वालामुखीच्या धोक्याचा नकाशा तयार असूनही आर्मेरो गाव रिकामे केले नाही. वीस हजारांवर माणसे चिखलात गाडली गेली.

भूकंपाचा असा इशारा मिळत नाही, मग तयारी कशाची करायची, असे विचारले जाते. बरोबर आहे, पण म्हणूनच घराची करायची. किल्लारीत तर १९९२ मध्ये धक्के बसत होते आणि तरी नकाशावर तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. ‘आमच्याकडे होत नाही’ या वाक्याची किंमत तेवढीच. दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो खोटा नाही. मात्र भूकंपानंतरच्या पुनर्वसनात जुने घर न पाडता मजबूत करण्याचे उपायही दाखवले गेले होते: माळवदावरची जास्तीची माती उतरवून विताभर ठेवायची, गळती रोखायला प्लास्टिकचा कागद घालायचा, खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरके टेकू ठोकायचे, भिंतीत आरपार बांध घालायचे. बहुतेकांनी त्याऐवजी शेजारी सिमेंटची एक खोली बांधली आणि जुने घर तसेच ठेवले. आता तर दगड-मातीच्या जुन्या भिंतीवरच स्लॅब टाकण्याची हौस दिसते. खालची भिंत तीच ठेवून वर वजन वाढवायचे, याला सुधारणा कोण म्हणेल?

नगरपरिषद पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींना नोटिसा देते, तशी माळवदांची गल्लीनिहाय पाहणी व्हावी, ग्रामपंचायतींनीही करावी. भूकंप न का येईना, पावसाच्या झडीतही याच भिंती ढासळतात, म्हणजे हा खर्च वाया जात नाही. पाहणीची वाट न पाहता घरमालकाला करता येण्यासारखे एक काम आहे. मृग लागण्यापूर्वी माळवदावर चढाल तेव्हा नवी पाटी टाकू नका. जुन्या चार काढा, आणि तेवढा प्लास्टिकचा कागद आणा.